मध्यम एसयूव्ही: आराम कुणाचा, भरवसा कुठल्या रस्त्यावर?

एकाच मॉडेलची, एकाच वर्षी घेतलेली, तेच डिझेल इंजिन असलेली एसयूव्ही. नागपूरचा मालक म्हणतो, "तेल आणि टायर सोडून गाडीला काही बघावं लागलं नाही." रोज घोडबंदर रोडवरून मुलुंडला कामावर जाणारा मालक म्हणतो, "डॅशबोर्डवरचा दिवा पुन्हा पुन्हा लागतो, सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारून जीव मेटाकुटीला आला." गाड्यांच्या गप्पा जिथे रंगतात तिथे अशी दोन टोकाची मतं हमखास ऐकू येतात. ऐकणारा गोंधळतो आणि शेवटी ओळखीतल्या माणसाचं ऐकून मोकळा होतो.

खरं तर दोघंही खोटं बोलत नसतात. गाडी तीच असते, रस्ते वेगळे असतात. आराम आणि टिकाऊपणा हे गाडीचे गुण आहेत असं आपण धरून चालतो. पण त्यातला बराचसा भाग गाडीची रचना आणि मालकाचा रोजचा रस्ता यांच्या जुळण्यातून ठरतो. मालकांचे अनुभव खूप कामाचे असतात, फक्त त्यामागची यंत्रं कशी चालतात हे ठाऊक असावं लागतं.

मध्यम म्हणजे कोणती

आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना कर कमी लागतो. त्यामुळे एसयूव्हींचे सरळ दोन गट पडले. चार मीटरच्या आत बसवलेल्या छोट्या, आणि ती मर्यादा ओलांडलेल्या, साधारण सव्वाचार ते पावणेपाच मीटर लांबीच्या मध्यम. २०११ ची महिंद्रा एक्सयूव्ही ५००, २०१२ ची रेनो डस्टर आणि २०१५ ची ह्युंदाई क्रेटा या गाड्यांनी हा दुसरा गट मध्यमवर्गीय घरांत नेला. या गटातल्या कितीतरी गाड्या आपल्याच अंगणात तयार होतात. स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७०० चाकणला, टायगुन आणि कुशाकही चाकणला, हॅरियर पुण्यात, जीप कंपास रांजणगावला.

लोक ही गाडी घेतात ती बहुतेक तीन कारणांनी. उंच बसायला मिळतं, खड्ड्यात खाली घासत नाही, आणि आईवडिलांसकट घरातली पाच माणसं सामानासह गावी जाऊ शकतात. कौतुक या तीन गोष्टींचं होतं आणि तक्रारीही त्यांच्यातूनच निघतात.

गाडी आदळते म्हणजे काय होतं

गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर तोललेला असतो. आरामदायी गाडीत तो सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा खाली-वर होतो. ही लय शरीराला मानवते. माणसाच्या धडाला जास्त खुपतात ते सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा बसणारे उभे हादरे. त्या लयीत पोट आणि पाठीचा कणा स्वतःच थरथरू लागतात. चाकं आणि ॲक्सल यांची स्वतःची थरथर याहूनही जलद, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. सस्पेन्शनचं काम म्हणजे चाकांची ही थरथर आणि रस्त्याचे बारीक धक्के सीटपर्यंत पोचू न देणं.

एसयूव्हीची अडचण तिच्या उंचीत आहे. गुरुत्वमध्य वर गेला की वळणावर गाडी जास्त कलते. ते कलणं आवरण्यासाठी स्प्रिंगा कडक कराव्या लागतात आणि डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, जाड करावा लागतो. वळणावर हा दांडा गाडीला सावरतो. पण एकच चाक खड्ड्यात गेलं की त्याचा हिसका दांड्यातून दुसऱ्या बाजूलाही जातो, गाडी डावी-उजवी झटकते आणि आतल्यांची डोकी हलतात. "हायवेला गाडी एकदम बसून चालते, पण गल्लीत आपटते" हे मालकांचं नेहमीचं वाक्य यातूनच येतं. वेग वाढला की शॉक ॲब्सॉर्बर त्यांच्या नेमक्या कामाच्या टप्प्यात येतात आणि तोच कडकपणा आधार वाटू लागतो.

यावर तोडगेही निघाले आहेत. जीप कंपास आणि एक्सयूव्ही ७०० यांच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तेलाला जास्तीची एक वाट दिलेली असते. बारीक, जलद धक्का आला की ती उघडी राहते आणि शॉक ॲब्सॉर्बर मऊ वागतो. गाडी सावकाश डोलू किंवा कलू लागली की वाट बंद होते आणि तोच कडक होतो. यात संगणक लागत नाही, तेलाचा दाबच झडप चालवतो.

पहिल्या डस्टरचं नाव अजूनही निघतं ते तिच्या चालीमुळे. दोन चाकं फिरवणाऱ्या डस्टरला मागे साधा टॉर्शन बीम ॲक्सल होता, महागडं मल्टी-लिंक सस्पेन्शन फक्त चारही चाकं फिरवणाऱ्या डस्टरला. तरी साध्या डस्टरचे मालकही खराब रस्त्यावर तिची तारीफ करत, कारण चाकांना खाली-वर जायला भरपूर जागा होती, स्प्रिंगा नीट जुळवलेल्या होत्या आणि टायरची भिंत जाड होती. माहितीपत्रकातलं सस्पेन्शनचं नाव वाचून चाल कळत नाही, ती सगळ्या भागांच्या मेळातून येते.

शिडीसारख्या पोलादी चौकटीवर बांधलेल्या गाड्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. २००२ च्या स्कॉर्पिओपासून आजच्या स्कॉर्पिओ-एनपर्यंत ही बांधणी टिकून आहे, कारण खडी, चिखल आणि जड ओझं ती निमूट सोसते. मात्र मागचा ॲक्सल अखंड आणि वजनदार असतो आणि एका चाकाचा धक्का दुसऱ्याला लागतोच. त्याला आडव्या दिशेने जागेवर धरायला पूर्वी एकच तिरका दांडा असे. त्याचं एक टोक चौकटीला अडकवलेलं, त्यामुळे ॲक्सल वर-खाली होताना किंचित बाजूलाही सरके आणि मागची माणसं डोलत. स्कॉर्पिओ-एनमध्ये त्या जागी वॅट्स लिंकेज आहे. दोन आडवे दांडे आणि त्यांच्यामध्ये फिरणारी एक छोटी तरफ, अशी ही रचना. ॲक्सल वर गेला की दोन्ही दांडे एकमेकांचं सरकणं खोडतात आणि ॲक्सलचा मधला बिंदू जवळजवळ सरळ रेषेत राहतो. जेम्स वॅटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनाच्या दट्ट्याला सरळ चालवण्यासाठी काढलेली ही युक्ती आज चाकणमधून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या पोटाखाली काम करते आहे.

टायर: स्वस्तातलं सस्पेन्शन

टायरवर २१५/६० आर १७ असे आकडे असतात. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. आता २१५/६५ आर १६ घ्या. रिम एका इंचाने लहान, भिंत मात्र जवळपास १४० मिलिमीटर. हे जादा सेंटिमीटरभर रबर आणि हवा खड्ड्याच्या काठाचा पहिला मार खातात. वरच्या व्हेरियंटचं मोठं, चकचकीत अलॉय व्हील डोळ्यांना सुखावतं. पण ज्यांच्या वाटेवर दर पावसाळ्यात रस्ता वाहून जातो त्यांना मधल्या व्हेरियंटचा लहान रिम जास्त सुख देतो. रिम वाकण्याची आणि टायरला फुगा येण्याची भीतीही कमी होते.

हवेचंही तसंच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे असतात आणि ते थंड टायरचे असतात. पेट्रोल पंपावर अंदाजाने जास्त हवा भरून घेतली की गाडी आपटू लागते आणि दोष सस्पेन्शनवर जातो. सकाळी, गाडी फार न चालवता, स्टिकरप्रमाणे हवा मोजून घेतली तर बऱ्याच जणांची अर्धी तक्रार तिथेच मिटते.

मागच्या सीटवरचं मत

गाडी कशी आहे हे आपण बहुतेक वेळा चालवणाऱ्याला विचारतो. त्याच्या हातात स्टिअरिंग असतं, पुढचं वळण त्याला आधी दिसतं, म्हणून त्याला सहसा गाडी लागत नाही. मागे बसणाऱ्यांना लागते. ओकारी आणणारी हालचाल फार संथ असते, पाच सेकंदांत एखादा हेलकावा अशी. आंबा घाटात किंवा ताम्हिणीत एकामागून एक वळणं, मध्ये ब्रेक, पुन्हा पिकअप, हा सगळा खेळ त्याच संथ लयीत चालतो. कान शरीराला सांगतात आपण हलतोय, डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ स्थिर असते. काही नव्या एसयूव्हींत खिडकीची खालची रेघ मागे वर चढत जाते आणि काचा लहान होतात. दिसायला रुबाब येतो, पण मागच्या लहान मुलाला बाहेरचा रस्ता दिसत नाही आणि घाटात त्याचे हाल होतात. म्हणजे मऊ, डोलणारी गाडी सपाट रस्त्यावर सुखाची असली तरी घाटाच्या गावाला कायम जाणाऱ्या कुटुंबाला थोडी कडक, कमी कलणारी गाडी बरी पडू शकते.

चढ-उतरही नीट बघायला हवा. गुडघे दुखणाऱ्या आजीला खूप खालची सेडान नको असते, कारण उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. खूप उंच, चौकटीवर बांधलेली गाडीही नको, कारण आधी पायरीवर पाय टाकायचा, मग हँडल धरून अंग वर खेचायचं. मध्यम मोनोकॉक, म्हणजे वेगळी चौकट नसलेल्या, एसयूव्हीची सीट बहुधा कमरेच्या जवळपास येते. पाठ टेकवायची, सरकायचं आणि पाय आत घ्यायचे. बऱ्याच घरांत ही एकच गोष्ट सौदा ठरवून जाते आणि ते योग्यच आहे.

मग उन्हाळा. मोठ्या काचेच्या सनरूफखाली एप्रिलमधल्या अकोल्याचं किंवा चंद्रपूरचं ऊन थेट डोक्यावर येतं. आतला पडदा पातळ असेल तर मागचा एसी दुपारी कमी पडतो. विदर्भातला माणूस मागे एसीचे झोत आहेत का, हवा किती जोराने येते, हे आधी विचारतो. त्याच्या अनुभवाला त्याबाबतीत पुण्याच्या मालकापेक्षा जास्त वजन द्यावं. आवाजाचंही असंच. समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांच्या काँक्रीटवर टायरची घरघर डांबरापेक्षा जास्त येते आणि सांध्यांवर टक-टक असा ठेका लागतो. नागपूर ते भिवंडी ७०१ किलोमीटर हा ठेका कानावर पडला की दाराची रबरं आणि तळाचं अस्तर कसं आहे ते कळतं. शोरूमच्या भोवतालच्या फेरीत ते कळायचं नाही.

भरवसा कुठे तुटतो

मालक "गाडीने त्रास दिला" म्हणतो तेव्हा तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. गाडी रस्त्यात बंद पडली, काहीतरी अर्धवट चालतंय, किंवा एखादा भाग झिजला. खालून खट-खट आवाज येणं हे बहुधा लिंक रॉड किंवा रबरी बुश झिजल्याचं लक्षण. खराब रस्त्यांवर ती झीज होणारच, आणि खर्चही तुलनेने थोडा. स्क्रीन अडकणं, कॅमेरा न दिसणं हा डोक्याला ताप, पण गाडी घरी येते. एकाच वेळी पाच-सहा दिवे लागले तर आधी १२ व्होल्टची बॅटरी तपासावी. ती अशक्त झाली की सेन्सर आणि संगणक एकमेकांशी नीट बोलत नाहीत आणि नसलेले दोष दिसू लागतात.

डिझेलचा मोठा प्रश्न डीपीएफचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि मध्यम डिझेल एसयूव्हीच्या धुराच्या नळीत काजळी पकडणारी ही गाळणी आली. धुराड्यात काजळी साचावी तशी ती भरत जाते आणि अधूनमधून जाळून साफ करावी लागते. त्यासाठी गाळणीत साधारण ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं सलग चाललेली गाडी हे काम चालकाला न कळवता उरकते. रोज चार-पाच किलोमीटर, तेही सिग्नलमध्ये रखडत जाणारी गाडी तापायच्या आतच बंद होते आणि जाळणं अर्धवट राहतं.

पुढचा परिणाम मेकॅनिक डिपस्टिक ओढून दाखवतो. काजळी जाळण्यासाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल सोडलं जातं. जाळणं वारंवार अपुरं राहिलं की त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर तेल कमाल पातळीच्या खुणेच्या वर गेलेलं दिसतं, बोटावर घेतलं तर पातळ लागतं आणि डिझेलचा वास येतो. तेल वाढलं म्हणून निर्धास्त राहणं धोक्याचं, कारण पातळ झालेलं तेल टर्बो आणि बेअरिंगना वाचवू शकत नाही. नागपूरच्या आणि घोडबंदरच्या मालकांच्या अनुभवातला फरक इथे आहे. ज्याचा रोजचा प्रवास शहरातच संपतो त्याने मध्यम एसयूव्ही पेट्रोलची किंवा हायब्रिड घ्यावी. डिझेल घेतलीच असेल तर अधूनमधून तिला मोकळ्या रस्त्यावर न थांबता पळवून आणावी.

गिअरबॉक्सचंही गणित रस्त्यावरच बसतं. ड्युअल क्लच गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर झपाट्याने आणि अलगद गिअर बदलतो. त्यातल्या कोरड्या क्लच प्लेट्सचा प्रकार तेलात बुडालेला नसतो, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलांनी सरकताना प्लेट्स घासत राहतात आणि तापतात. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर आणखी तापतात. पुढे थोडी जागा मोकळी होऊ द्यावी, मग एकदम पुढे जावं, थांबल्यावर ब्रेक दाबून ठेवावा, एवढ्या सवयीने या गिअरबॉक्सचं आयुष्य वाढतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. अ‍ॅव्हरेज थोडं कमी मिळालं तरी शहरातल्या गर्दीत तो निमूट काम करतो. २०२२ मध्ये आलेल्या ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये विजेच्या मोटारी आणि ग्रहमालेसारखी फिरणारी गिअरची चक्रं असतात. घासून झिजणारा नेहमीचा क्लच त्यात नसतो, म्हणून रोजच्या कोंडीत त्याचे मालक समाधानी दिसतात.

पावसाळा सगळ्यांची परीक्षा घेतो

सनरूफच्या चौकटीत कोपऱ्यांना बारीक भोकं असतात. काचेच्या कडेने आत आलेलं पाणी तिथून नळ्यांमधून, दाराच्या खांबांच्या आतून, खाली जमिनीवर पडतं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांचा चुरा आणि धूळ त्या भोकांत बसते. जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीला पाणी छताच्या कापडावर किंवा पायाखालच्या मॅटखाली येतं, आणि त्याच मॅटखालून वायरी जातात. काच सदोष आहे असं समजून माणूस हजारोंचा खर्च करायला निघतो. मे महिन्यात सनरूफ उघडून चौकट पुसावी आणि प्रत्येक भोकात थोडं पाणी ओतून ते गाडीखाली पडतं का बघावं. दहा मिनिटांचं काम आहे. नळीत जोराची हवा मात्र मारू नये, आतला जोड सुटू शकतो.

कोकणात समुद्राची खारी हवा तळाच्या पत्र्याला आणि नट-बोल्टांना गंज चढवते, म्हणून पावसाळ्याआधी तळ धुऊन गंजरोधक लेप तपासणं तिथे गरजेचं आहे. पावसात उबेला येणारे उंदीर बॉनेटखालच्या वायरी कुरतडतात आणि हा खर्च वॉरंटीत बसत नाही. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. उंच गाडी म्हणजे होडी नव्हे, हे मनात पक्कं असावं.

मालकाला काय विचारावं

गाडी घेऊन महिना झालेल्या माणसाचं कौतुक मनापासूनचं असतं, पण त्याने अजून फक्त नवी गाडी पाहिलेली असते. नुकताच भुर्दंड बसलेल्याचा संतापही मनापासूनचा असतो, पण तो एकाच गाडीचा असतो. खरा उपयोग होतो तीन-चार वर्षं झालेल्या, वॉरंटी संपत आलेल्या मालकाचा. त्याला "गाडी कशी आहे?" असं मोघम विचारू नये. रोज किती किलोमीटर आणि कुठल्या रस्त्याने? मागे कोण बसतं? इंजिन आणि गिअरबॉक्स कुठला? सर्व्हिसिंगखेरीज कशावर पैसे गेले? शेवटच्या प्रश्नाला त्याच्याकडे बिलं असतील तर ती बघावीत. आपल्या तालुक्याच्या जवळ सर्व्हिस सेंटर किती अंतरावर आहे आणि सुटा भाग यायला किती दिवस लागतात, हेही त्याच्याकडून कळतं. नवं मॉडेल बाजारात आल्याबरोबर घेण्यापेक्षा वर्षभर थांबलं तर सुरुवातीच्या बऱ्याच खोड्या कंपनीने दुरुस्त केलेल्या असतात.

टेस्ट ड्राइव्हला घरातली सगळी माणसं न्यावीत आणि गाडी आपल्या घराच्या रस्त्यावर आणावी. दोन-तीन गतिरोधक, एक खराब पट्टा, एक चढ, आणि सोसायटीच्या पार्किंगमधलं वळण. त्यातला काही वेळ स्वतः मागच्या सीटवर बसावं. विक्रेता हायवेकडे नेऊ लागला तर नम्रपणे नाही म्हणावं.

लाखो रुपये आणि आयुष्यातली आठ-दहा वर्षं या गाडीत जातात, आणि तिची जाहिरात मात्र कुणाच्याच रोजच्या वाटेवर चित्रित होत नाही. ती उणीव भरून काढण्याची ताकद फक्त मालकांच्या अनुभवात आहे. म्हणून तीन वर्षांनी तुम्हाला कुणी विचारलं तर "मस्त आहे" किंवा "घेऊ नका" एवढ्यावर सोडू नका. आपला रस्ता सांगा, मागे बसणाऱ्यांची वयं सांगा, काय झिजलं आणि त्याला किती लागले ते सांगा. त्या माहितीवर विचारणारा त्याच्या घरासाठी योग्य गाडी स्वतःच निवडेल.